सोजराबाई दौंडला उतरल्या

१

दौंड स्टेशनात हौसरावांची बायको चोरीला गेली, तेव्हा तिला जाऊन दुसरा उन्हाळा लागला होता.

हौसराव पाण्याची बाटली भरून डब्यात शिरले ते खरं तर वेगळीच बातमी घेऊन. नळावरून परतताना त्यांनी गाडीच्या तोंडाकडं सहज नजर टाकली, तर तिथं तोंडच नव्हतं. पहिल्या डब्यापुढं नुसते रूळ, आणि रुळांमध्ये एक कुत्रं निवांत बसलेलं.

"पोरांनो, घात झाला!" ते दारातूनच ओरडले. "आपलं इंजिन पळालं!"

"अरे बापरे!" नातू विक्रम म्हणाला. जितक्या जोरात म्हणायला हवं होतं त्याहून अंमळ जास्तच जोरात म्हणाला. नात मोनाली तोवर समोरच्या बाकावर, विक्रमच्या जागी खिडकीशी जाऊन बसली होती आणि बाहेर बघत होती. मेव्हणी तुळजाबाई भाकरीचं गाठोडं पोटाशी धरून अशा बसल्या होत्या, की जणू गाठोड्यालाच ताप आलाय.

मग हौसरावांची नजर आपल्या बाकावरच्या खिडकीकडं गेली.

सोजराबाई तिथं नव्हत्या. म्हणजे त्यांचा फोटो नव्हता. ताटाएवढी चौकट, काच, वर चंदनाचा हार, असा ऐवज खुटबावपासून त्या खिडकीशी बसून प्रवास करत होता. आता बाकावर फक्त हार होता, नीट गोल करून ठेवलेला. फोटोत सोजराबाईंच्या मागं पिवळी भिंत होती. खिडकीबाहेरही काहीतरी पिवळंधमक उन्हात तळपत होतं. त्यामुळं क्षणभर हौसरावांना वाटलं, फोटो आहे जागेवरच, फक्त सोजराबाई त्यातून उठून गेल्यात.

"तुमची आजी कुठंय?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात डब्याला हिसका बसला आणि गाडी चालू लागली. आली तिकडंच, उलटी.

२

शिरूरहून नगरला जायचं तर माणूस हायवेवर उभा राहतो, एसटीला हात करतो आणि एक डुलकी काढून नगरला उतरतो. शिरूरच्या हौसरावांनी नातवंडांना नगरच्या संग्रहालयातले रणगाडे दाखवायचं ठरवलं तेव्हा ते आधी नगरकडं पाठ करून राहूला गेले. तिथं मेव्हणीला घेतलं, जीपनं खुटबाव स्टेशन गाठलं, तिथं गाडीत बसून दौंड, आणि दौंडवरून नगर. नाकाला हात लावायचा तो मानेमागून, आणि वाटेत ढोपरालाही लावून. पण शिरूरला रेल्वे नाही, आणि ही सहल रेल्वेचीच होती. रणगाडे निमित्तालाच होते.

पोरं हडपसरची, मुलगा दत्ताची. "पोरं अजून रेल्वेत बसली नाहीत आबा," असं दत्तानंच फोनवर सांगितलं होतं. हडपसरला स्वतःचं स्टेशन असताना पोरं रेल्वेत बसली कशी नाहीत, हा प्रश्न हौसरावांना पडला नाही. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे माजी अध्यक्ष. पाण्याची मोटर कुणी नेली, बांध कुणी कोरला, सरपंचांची कोंबडी कुणाच्या रश्श्यात गेली, हे सगळं त्यांनी नुसतं चहा पाजून शोधून काढलेलं. पण समितीचं कार्यक्षेत्र गावापुरतं होतं. घर त्यात येत नव्हतं.

खरी सहल सोजराबाईंची होती. लग्नात हौसरावांनी त्यांना शब्द दिला होता, "तुला आगीनगाडीत बसवीन." पुढं आगीनगाडीतली आग गेली, डिझेल आलं, डिझेल जाऊन वरच्या तारा आल्या. शब्द होता तिथंच राहिला. एका वर्षी विहीर खोदायची निघाली. एका वर्षी कारखान्याची निवडणूक लागली. मग समिती आली, आणि गावात तंटे काही संपेनात. सोजराबाई दर उन्हाळ्यात विचारायच्या, हौसराव दर उन्हाळ्यात म्हणायचे, "औंदा न्हाई, फुडच्या सालाला नक्की." आणि सोजराबाई बहिणीकडं राहूला कुरडया करायला निघून जायच्या.

मग एका हिवाळ्यात त्या न विचारताच गेल्या.

म्हणून हा फोटो. खुटबावला हौसरावांनी एक तिकीट जास्त मागितलं. "पाचवं कुणाचं?" असं खिडकीतल्या माणसानं विचारलं. हौसरावांनी पिशवीतून फोटो काढून दाखवला. त्या माणसानं फोटोला नमस्कार केला आणि तिकीट दिलं. रेल्वेच्या कारभारावर हौसरावांचा तिथंच विश्वास बसला.

सकाळपासून वाईट म्हणावं असं एकच घडलं होतं. राहूला तुळजाबाईंच्या ओसरीवर चहा पिताना हौसराव भिंतीला टेकले आणि नीळ घातलेला चुना त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला लागला. पाठीवर हा एवढा निळा पट्टा. "आबा, तुम्ही डांबरी रस्त्यासारखे दिसताय, फक्त निळ्या," असं विक्रम म्हणाला.

गाडीत त्यांनी फोटो इंजिनाकडं तोंड करून खिडकीशी ठेवला. येणारं सगळं सोजराबाईंना समोरून दिसावं म्हणून. मोनालीनं त्याच बाकावर फोटोला खेटून जागा धरली. "मला वाऱ्याकडं तोंड करूनच बसायचंय," म्हणाली. समोर विक्रम आणि तुळजाबाई. हौसरावांनी रूळ किती अंतरावर असतात, सिग्नल कशासाठी असतो, यावर व्याख्यान दिलं. पोरांनी ते डोळे विस्फारून ऐकलं. इतके आज्ञाधारक श्रोते हौसरावांना ग्रामसभेतही मिळाले नव्हते.

तिथंच त्यांना संशय यायला हवा होता.

३

"थांबवा! गाडी म्हागारी निघाली!" हौसराव उभ्यानं ओरडत होते. "चोरानं डायवरला फितवलंय. खुटबावला घिऊन चाललाय आपल्याला!"

डब्यातल्या एकाही माणसानं मान वर केली नाही. पलीकडं एकजण कलिंगड कापत होता. त्यानं हौसरावांना एक फोड दिली. हौसरावांनी ती घाबरलेल्या अवस्थेतच खाल्ली.

"आबा, इंजिन दुसऱ्या टोकाला लावलंय," मोनाली शांतपणे म्हणाली. "नगरचा रूळ मागून फुटतो. दौंडला गाडीचं शेपूट होतं तोंड." मग तिनं जीभ चावली. "म्हणजे... असेल. मला काय माहीत."

हौसराव खाली बसले. म्हणजे बसायला गेले. सोजराबाईंच्या जागेवर दौंडला चढलेली एक बाई बसली होती. वयानं साठीच्या पुढं, डोक्यावरून पदर, मांडीवर डबा.

"बाई, हितं माझी मंडळी बसलीय," हौसराव म्हणाले.

बाईनं जागेकडं पाहिलं, हौसरावांकडं पाहिलं. "कुठं बसलीय?"

"हुती. आता न्हाई."

"मग खाली हाय ना जागा!" बाई म्हणाली. "मी जन्नतबी. दौंडची, रेल्वे कॉलनीतली. लेकीकडं नगरला येते-जाते नेहमी. ह्या गाडीत नसलेल्या माणसांसाठी जागा धरणारे लई बघितलेत भाऊ, तुम्ही काय पहिले न्हाई." आणि ती खिडकीशी अशी टेकली, की तिला उठवायला रेल्वे बोर्डच लागलं असतं.

हौसरावांनी हार उचलून खिशात ठेवला.

"ऐका रे," ते पोरांना म्हणाले. "मी तुमच्या आज्जीला गाडीत बसवीन म्हणालो हुतो. तेवढं एक माझ्याच्यानं झालं न्हाई ती जिती असताना. आज जमत हुतं. फोटू घावला तर फुडं नगरला जायचं. न्हाई घावला, तर काष्टीला उतरायचं आन् घरी. तिच्याबिगर मी ह्या गाडीत एक पाऊल फुडं जाणार न्हाई."

काष्टी म्हणजे पुढचंच स्टेशन.

विक्रमनं एकाएकी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि डोळे मिटले. पोरगं रडायच्या बेतात आहे असं वाटून हौसराव त्याला जवळ घ्यायला वाकले. तेवढ्यात गाडी भीमेच्या पुलावर शिरली आणि डबाभर लोखंडाचा असा खणखणाट झाला, की हौसरावांना स्वतःचं सांत्वनही ऐकू आलं नाही.

पूल संपल्यावर गाडी सिग्नलला थांबली. पॅसेंजर होती, तिला थांबायला कारण लागत नाही. हौसरावांनी धोतराचा सोगा खोचला. तंटामुक्ती समितीची बैठक सुरू झाली होती.

४

समितीची पद्धत साधी होती. संशयितांना वेगवेगळं घ्यायचं, ज्याला सगळ्यात कमी अक्कल आहे त्याला आधी, आणि चहा पाजल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही. चहावाला डब्यातच होता. चौकशीचं कार्यालय बेसिनजवळ, संडासाच्या दाराशी उघडलं.

पहिला विक्रम.

"तू काय बघितलंस?"

"एक माणूस आला आबा. मोठ्या मिशांचा. त्यानं फोटो उचलला आणि पळाला."

"मिशी कशी?"

विक्रमनं हातानं दाखवली. तेवढी मिशी असलेला माणूस डब्याच्या दारातून आडवा झाल्याशिवाय बाहेर पडू शकला नसता.

दुसरी मोनाली.

"माणूस होता एक. तोंड नाही दिसलं. हेल्मेट घातलं होतं."

"रेल्वेत हेल्मेट?"

मोनालीनं विचार केला. "सेफ्टीसाठी असेल."

तिसऱ्या तुळजाबाई. त्या गाठोडं घेऊनच आल्या.

"दाजी, मला काय बी ठावं न्हाई. माझा डोळा लागला हुता."

"मग चोर बघितलाच न्हाईस तू."

"न्हाई बघितला. लई गोरा हुता."

"झोपंत दिसला?"

"मी म्हंजी... पडल्या पडल्या दिसला." तुळजाबाईंनी चहा घेतला, तो इतका गरम असताना एका घोटात संपवला, आणि डोळ्यांत पाणी आणून जागेवर जाऊन बसल्या.

चौथ्या जन्नतबी. त्यांनी उठायला नकार दिल्यामुळं समितीच त्यांच्याकडं गेली.

"तुमी चढलात तवा ह्या जागंवर काय हुतं?"

"हार हुता. मी उचलून बाजूला ठेवला, बसले." जन्नतबींनी चहाचा कप घेतला. "तुमची भाभी आहे कशी दिसायला? प्लॅटफॉर्मावर बघितली असती मी."

"फोटू हुता तिचा," हौसराव म्हणाले. "ती न्हाई आता."

जन्नतबींनी कप खाली घेतला. "माफ करा भाऊ," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच जरा सरकल्या.

हौसराव सगळ्यांच्या पिशव्या उघडून बसले. पोरांची दप्तरं झाली, स्वतःची पिशवी झाली, बाकाखालचं झालं. कलिंगडवाल्यानं स्वतःहून सगळी सालं उलटी करून दाखवली. फोटो नव्हता.

गाडी पुन्हा हलली. उसाच्या फडांवरून ऊन मागं सरकत होतं. आपण उलट्या तोंडानं बसलोय, आता येणारं काही दिसत नाही, गेलेलंच तेवढं दिसतंय, हे हौसरावांना जाणवलं. आणि त्याबरोबर आणखी काहीतरी जाणवलं. ते तसेच बसून राहिले, भांग विस्कटलेल्या म्हाताऱ्या पोरासारखे, आणि हळूच म्हणाले,

"चोर डब्याच्या बाहीर गेलाच न्हाई."

५

तुळजाबाईंनी गाठोड्यावरची मिठी घट्ट केली.

"आपल्या गावात," हौसराव पोरांना म्हणाले, "चोरी ठरवून झाली तर समदे एकच खोटं बोलत्यात. आदल्या दिवशी बसून पाठ करत्यात. तुमची तीन खोटी तीन जातीची. एक मिशीवाला, एक हेल्मेटवाला, एक झोपंतला. म्हंजी तुमी तिघंबी यात हाय, पर ठरवायला सवड न्हाई मिळाली. दौंड आलं आन् आयत्या येळंला काय तरी झालं."

विक्रम नखं खाऊ लागला.

"दुसरं. चोर वस्तू उचलतो तवा हार ओरबाडतो. ह्यानं हार काढून गोल करून ठिवला. तिच्याबद्दल ज्याला माया हाय त्यानंच फोटू न्हेला."

"तिसरं. मोनाली, इंजिन म्हागं लागतंय हे मला ठावं न्हवतं. मी उभा जलम शिरूरला काढला, कुणी सांगणार? आन् तू गाडी हलायच्या आदीच समोरच्या बाकावर जाऊन बसलीस. तुला वाऱ्याकडं तोंड लागतं. वारा दौंडनंतर दुसरीकडनं येणार, हे पयल्यांदा गाडीत बसणाऱ्या पोरीला कसं कळावं? आन् विक्रम, पूल यायच्या आदीच तू कान झाकलंस. आवाज यायच्या आदी आवाज कुणाला ऐकू येतो? ज्यानं तो आदी ऐकलाय त्याला."

मोनालीचे डोळे भरून आले होते, पण ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"तुमी ह्या गाडीत बसला हुता," हौसराव म्हणाले. "ह्याच वाटंनं. एकदा न्हवं, सवय हुईस्तवर. ते कुणासंगं, ते मी विचारतो मागनं. आदी मला भूक लागलीय. तुळजा, भाकरी दे."

तुळजाबाई हलल्या नाहीत.

"खुटबाव ते पाटस तू आमाला दोनदा जेवू घातलंस. केडगावला चिवडा दिलास. न्हाई म्हणलं तर हातावर आंबावडी ठिवलीस. आन् दौंडपासनं तुझ्या तोंडात 'जेवा' शब्द न्हाई. पाटसची तुळजा दौंडला बदलली व्हय?"

जन्नतबींनी कप खिडकीत ठेवला आणि मान लांब केली.

तुळजाबाईंनी फडकं सोडलं. वर ज्वारीच्या भाकरी, खाली भाकरी, आणि दोन्हींच्या मध्ये, ठेचलेल्या मिरचीच्या वासात, सोजराबाई. काचेवर शेंगदाण्याच्या चटणीचा एक ठिपका बरोबर कुंकवाच्या जागी पडला होता.

"दाजी, मारा मला," तुळजाबाई म्हणाल्या. "पर पाटी आली हो समोर."

"कसली पाटी?"

"दौंडची."

हौसरावांनी चटणी पुसली आणि फोटो बघितला. रोज बघायचे तोच. सोजराबाई हसतायत, मागं पिवळी भिंत, आणि खांद्यापाशी एक काळी, वळलेली गोष्ट. ती छत्रीची मूठ आहे, तुळजाच्या राहूच्या घरी खुंटीला टांगलेली, असं हौसराव समजून होते. त्यांनी स्वतःच्या पाठीवर हात फिरवला. बोटं निळी झाली. राहूचं घर कायम निळंच. पुरावा सकाळपासून ते पाठीवर वागवत होते.

पिवळी भिंत म्हणजे दौंडला खिडकीबाहेर तळपणारी पाटी होती. ती मूठ छत्रीची नव्हती, स्टेशनच्या नावाचा एक तुकडा होता.

"हा फोटू दौंडच्या फलाटावर काढलाय," ते म्हणाले.

६

तुळजाबाई बोलू लागल्या तेव्हा डब्यातले आजूबाजूचे चार लोकही सरकून बसले. कलिंगडवाल्यानं सुरी पुसून ठेवली.

"आक्का दर उन्हाळ्याला माझ्याकडं यायची ती कुरडयांना न्हाईच, दाजी. दत्ता पोरांना राहूला सोडायचा, आन् ती त्यांना घिऊन खुटबावला. कवा नगर, कवा पुणं, एकदा तर पार सोलापूर. ह्यांना रणगाडं पाठ हाईत. कुठल्याचा पट्टा कुठं तुटलाय ते सांगत्यात."

"आन् कुरडया?"

"बचत गटाच्या."

तंटामुक्तीचे माजी अध्यक्ष दर साली बचत गटाच्या कुरडया बायकोच्या हातच्या म्हणून खात होते. एकदा तर भर जेवणात ते म्हणालेही होते, "तुझ्या हाताला जी चव हाय, ती दुसऱ्या कुणाला न्हाई." सोजराबाईंना तेव्हा ठसका लागला होता.

"मग मला का न्हाई सांगितलं?" हौसराव म्हणाले. "मी काय अडवली असती का तिला? मी कवाच न्हाई म्हणालो न्हाई."

"त्येच तर. तुमी न्हाई कवाच म्हणाला न्हाई. फुडच्या सालाला म्हणाला." तुळजाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "मीच म्हणायची तिला, सांगून टाक. तर म्हणायची, 'तुळजे, मला पयल्यांदा गाडीत बसवायची त्यांची हौस हाय. मी आदीच बसलीय हे कळलं, तर त्यांच्याजवळ मला द्यायला काय ऱ्हाईल?'"

समितीत वादी रडायला लागला की हौसराव पाण्याचा तांब्या पुढं करायचे. बाटली त्यांच्याच हातात होती. त्यांनी ती विक्रमला दिली.

"बाबा म्हणाले होते, कळू द्यायचं नाही," मोनाली पहिल्यांदा त्यांच्याकडं वळून म्हणाली. "आबांना सगळं पहिल्यांदाच दाखवू दे म्हणाले. म्हणून आम्ही अॅक्टिंग करत होतो. सॉरी आबा."

"चांगली केलीस," हौसराव म्हणाले. "ह्यो विक्रम जरा जास्त करत हुता."

गावभरचे तंटे त्यांनी मिटवले होते. घरात मात्र एकही तंटा नव्हता, आणि याचा त्यांना केवढा अभिमान होता. मुळात तक्रारदार तक्रार दाखल करायलाच आली नव्हती. ती आली असती, तर एक चहा आणि एक प्रश्न, एवढ्यात काम झालं असतं. पण प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता, आणि समितीचा नियम असा, की ज्याच्यावर संशय नाही त्याला काही विचारत नाहीत.

"बघू जरा," जन्नतबी म्हणाल्या, आणि त्यांनी हौसरावांच्या हातातून फोटो घेतला. चष्मा वर केला, खाली केला. "या अल्ला," त्या पुटपुटल्या. "ही तर पाणीवाली."

७

"कोण पाणीवाली?"

"आम्ही आपलं नाव ठेवलेलं. कधीमधी भेटायची ह्या गाडीला, ह्याच पोरांना घेऊन. पोरं उंच झाली, म्हणून मी वळखली न्हाई." जन्नतबी फोटोवरची नजर काढत नव्हत्या. "खिडकीची जागा धरायची. स्वतः बसायची न्हाई, पोरांनाबी बसू द्यायची न्हाई. रुमाल टाकून ठेवायची. कुणी म्हणलं, बाई, जागा खाली हाय का, तर म्हणायची, न्हाई हो, आमचं मालक येतायत. पाणी आणायला उतरलेत."

हौसराव ऐकत होते.

"मी पहिल्यांदा धरून चालले, बिचारा खरंच उतरला असंल. गाडी सुटली, काष्टी गेलं, श्रीगोंदा गेलं. मालकाचा पत्ता न्हाई. मी म्हणलं, भाभी, साखळी वढू का? तुमचा माणूस फलाटावर राहिला. तर ही हसली." जन्नतबींनी फोटो परत दिला. "म्हणाली, ऱ्हाऊ द्या. त्यांना वेळ लागतो."

गाडीचा वेग कमी व्हायला लागला होता.

जन्नतबी उठल्या. डबा काखोटीला मारला आणि समोरच्या बाकावर तुळजाबाईंच्या शेजारी अंग चोरून बसल्या. "बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "ती जागा तुमच्यासाठीच धरलेली."

हौसराव खिडकीशी सरकले. फोटो मांडीवर घेतला. बाहेर काष्टीचा फलाट आला आणि त्यांच्यापासून लांब लांब जात थांबला.

"आबा," विक्रम भीत भीत म्हणाला, "काष्टी आलं. उतरायचं?"

"फोटू घावला की. का उतरायचं?" हौसराव म्हणाले. मग थोड्या वेळानं त्यांनी मोनालीला विचारलं, "हितनं फुडं तुझी आज्जी काय काय दाखवायची गं? सांग मला. मी काय बघू?"

मोनालीनं आठवून पाहिलं. "आम्हाला सगळं दाखवायची. विसापूरचं धरण, मोर, मालगाडीचे डबे मोजायला लावायची. पण ती स्वतः नाही बघायची बाहेर."

"मग?"

"गाडी थांबली की दाराकडं बघत बसायची."

हौसरावांनी खिडकीकडं पाठ केली आणि दाराकडं पाहिलं. काष्टीला बरेच लोक चढले. टोपीवाले, पिशवीवाले, एक लग्नाला निघालेला, एक कोंबडी घेऊन. सोजराबाई बघत असतील तसं हौसराव एकेकाचं तोंड नीट न्याहाळत राहिले. गाडी सुटेपर्यंत त्यांतला एकही हौसराव निघाला नाही.